राहण्याचा परवाना आणि ऐपतीचा दाखला

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आयुष्यातले काही प्रसंग स्वतःच्या हाताने इंग्रजीतून लिहून ठेवले आहेत. त्या लिखाणाचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा', म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. नाव वाचून एखाद्याला वाटेल की यात अमेरिका-इंग्लंडच्या प्रवासाच्या परवान्याची हकीकत असेल. तसे काही नाही. मसूरचे रेल्वे स्टेशन, चाळीसगाव, दौलताबादचा किल्ला, बडोदा, ही सगळी ठिकाणे याच देशातली आहेत. आपल्याच देशात वावरायला, पाणी प्यायला, मुक्कामाला राहायला आम्हाला दुसऱ्याच्या परवानगीची वाट पाहावी लागते, हे त्या नावातून जगाला कळते.

त्यातली बडोद्याची हकीकत प्रत्येक आंबेडकरी घरात माहीत असलीच पाहिजे. साल 1917. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमध्ये पुढचा अभ्यास अर्धवट सोडून, शिष्यवृत्तीच्या करारानुसार बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. न्यूयॉर्कमध्ये राहायला जागा मिळाली, लंडनमध्ये मिळाली. बडोद्यात मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. एका हिंदू मित्राने आणि एका ख्रिस्ती मित्राने घरात घ्यायला असमर्थता दाखवली. एवढा शिकलेला माणूस बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

म्हणून 'राहण्याचा परवाना' हा शब्द आमच्या समाजाला नवा नाही. तो जर्मनीने काढलेला नाही आणि फ्रान्सनेही नाही. गावकुसाबाहेर राहा, हाही एक राहण्याचा परवानाच होता. हे सगळे आज आठवण्याचे कारण मात्र परदेशातलेच आहे.

2025 च्या पावसाळ्यात येरवड्याच्या लक्ष्मीनगरातला एक मुलगा आपल्या आईला घेऊन आमच्याकडे आला. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वडील रिक्षा चालवतात, आई कल्याणीनगरात चार घरची कामे करते. पोराने दोन वर्षे कॉलेज सांभाळून जर्मन भाषा शिकली. उत्तर जर्मनीत ब्रेमेन शहराजवळच्या एका लहान कारखान्याला स्वतःच अर्ज पाठवला, संगणकावर मुलाखत दिली आणि सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचे पत्र मिळवले. ना वशिला, ना ओळख. पुण्याचे आणि ब्रेमेनचे जुने मैत्रीचे नाते आहे, औंधला त्या शहराच्या नावाचा चौकही आहे. त्या चौकातून हा पोरगा रोज पीएमपीच्या बसने जायचा. आता त्या गावाला जाण्याचे पत्र त्याच्या हातात होते आणि तरीही त्याचा चेहरा उतरलेला होता.

अडचण काय? अडचण राहण्याच्या परवान्याची.

वाचकांच्या माहितीसाठी ही पद्धत थोडक्यात सांगतो, कारण उद्या तुमच्या वस्तीतल्या पोराला ती लागणार आहे. आपल्या विद्यापीठात किमान चार सत्रे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाशी संबंधित इंटर्नशिप जर्मनीत जास्तीत जास्त बारा महिने करता येते. त्यासाठी आधी तिथल्या सरकारी रोजगार खात्याची संमती लागते. मग व्हिसाचा अर्ज. त्याची फी 75 युरो. हा लांब मुदतीचा व्हिसा म्हणजे राहण्याच्या परवान्याचाच पहिला भाग. तिथे पोचून घर घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद आणायचा, आणि व्हिसाची मुदत पुरत नसेल तर ती संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पुढच्या परवान्याचा अर्ज करायचा. या प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारला जातो : इथे राहशील तेवढे दिवस खाशील काय?

प्रश्न रास्त आहे. कोणाचे पोर परक्या मुलखात उपाशी राहू नये, हे आम्हालाही पटते. पण या प्रश्नाचे उत्तर तोंडी चालत नाही. ते आकड्यात द्यावे लागते. विद्यार्थ्यासाठी हा आकडा सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरो ठरवला गेला. वर्षाचे झाले 11,904 युरो. इंटर्नशिपचे विद्यावेतन तेवढे असेल तर प्रश्न मिटला. कमी असेल तर फरकाची रक्कम एका खास बंद खात्यात आधीच भरून दाखवायची. तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ठरावीक पैसेच काढता येतात. आता अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप जर्मनीच्या किमान वेतनाच्या कायद्यातून वगळलेली आहे. त्यामुळे विद्यावेतन बहुधा कमीच असते. आमच्या या पोराला मिळणार होते महिन्याला 600 युरो. तूट 392 युरोंची. सहा महिन्यांचे 2,352 युरो. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलेला. म्हणजे रक्कम गेली अडीच लाखांच्या घरात. विमानाचे तिकीट, विमा, फी वेगळी.

वडिलांच्या खात्यात होते एकतीस हजार.

आईने आम्हाला एक साधा प्रश्न विचारला. म्हणाली, "दादा, ते लोक पैसा घेणार नाहीत ना? नुसता दाखवायचाच आहे ना? मग दोन दिवसांकरता कोणी दिला तर?" या प्रश्नाला हसू नका. हाच प्रश्न ओळखून पुण्यात एजंटांनी दुकाने थाटली आहेत. खात्यात पैसे 'दाखवून' देतो, व्याज एवढे, कमिशन एवढे, असा त्यांचा धंदा चालतो. आम्ही त्या माउलीला सांगितले, ताई, हा पैसा दोन दिवसांचा नाही, तो पोराला खरोखरच खायला लागणार आहे. आणि खोटा कागद सापडला तर पोराचे नाव कायमचे खराब होईल. तिने मान डोलावली. पण अडीच लाख मान डोलावून येत नाहीत.

बँकेने विचारले, तारण काय? झोपडपट्टीतल्या घराला सातबारा नाही, मालमत्ता पत्रक नाही. पतसंस्थेने विचारले, पगारपत्रक असलेले दोन जामीन कोण? रिक्षावाल्याचे जामीन रिक्षावालेच असतात. तहसील कचेरीत ऐपतीचा दाखला मागायला गेले, तर ऐपत दाखवण्यासाठी आधी मालमत्ता दाखवा. कॉलेजकडे इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असल्याचे चार ओळींचे पत्र मागितले, ते मिळायला एकोणीस दिवस गेले. रोज जायचे, रोज 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकायचे. विहारात वर्गणी झाली. लोकांनी पोटाला चिमटा काढून पंचेचाळीस हजार जमवले. आईने डोरले मोडले. सगळी जुळवाजुळव होईपर्यंत कारखान्याने दिलेली तारीख उलटून गेली. त्यांनी सभ्य भाषेत पत्र पाठवले की जागा दुसऱ्याला दिली आहे.

त्याच वर्गातला दुसरा एक विद्यार्थी त्याच वर्षी गेला. गुण आमच्या पोरापेक्षा कमी, जर्मन भाषा जेमतेम. तो आमचा शत्रू नाही, तो शिकावा, मोठा व्हावा. पण त्याच्या काकांनी एका दुपारी मुदत ठेव मोडली आणि पैसे भरले. हा फरक कशाचा? हुशारीचा नव्हे, कष्टाचा नव्हे. हा फरक काकांच्या मुदत ठेवीचा आहे. आणि ती ठेव कुठून आली, तर तीन पिढ्यांच्या नोकऱ्यांतून, पेठेतल्या वाड्यातून, जमिनीच्या सातबाऱ्यातून. एके काळी समुद्र ओलांडला म्हणून ज्यांच्या घरात प्रायश्चित्ते घेतली जात होती, त्या घरांत आज परदेशी राहणाऱ्यांची तिसरी पिढी आहे. आमच्या घरात पासपोर्ट काढणाराच पहिला माणूस आहे. जर्मनीच्या कायद्याला जात ठाऊक नाही, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. तो फक्त खाते तपासतो. पण या देशात कोणाच्या खात्यात काय असेल, हे जातीने शेकडो वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. तिकडचा निःपक्षपाती अधिकारी इकडचा पक्षपात नुसता वाचून घेतो आणि शिक्का मारतो.

आणि शिक्का नकाराचा पडला तर? पूर्वी जर्मन वकिलातीने व्हिसा नाकारला तर एक साधे पत्र लिहून, फी न भरता फेरविचार मागता येत असे. ती सोय 1 जुलै 2025 पासून जगभर बंद झाली. आता एक तर पुन्हा फी भरून नव्याने अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जा. लक्ष्मीनगरातून बर्लिनच्या न्यायालयात! म्हणजे पहिलाच अर्ज निर्दोष गेला पाहिजे. पहिल्या पिढीच्या अर्जदाराकडून सगळ्यात काटेकोर अर्जाची अपेक्षा!

आता सरकार काय करते ते पाहू. परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या 75 विद्यार्थ्यांना दरवर्षी ती मिळते. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे, एकूण जागा 125. या दोन्ही योजनांतून आमची मुले मोठमोठ्या विद्यापीठांत पोचली, हे खरे आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण या योजना पदव्युत्तर पदवीसाठी आणि पीएचडीसाठी आहेत. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला त्यांत जागा नाही. शिवाय निवड झाली म्हणजे पैसा वेळेवर आला असे नाही. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या योजनेत 106 विद्यार्थी निवडले गेले आणि पहिल्यांदा पत्रे दिली गेली 40 जणांना. उरलेल्यांना सांगितले गेले, निधी असेल तर! परदेशातले विद्यापीठ थांबत नाही, वकिलातीची तारीख थांबत नाही, घरमालक थांबत नाही. थांबायचे फक्त आमच्या पोरांनी.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल तरुण पाठवणार, रुग्णसेवक, वाहनचालक, वीजतंत्री, नळजोडणी करणारे पाठवणार, असे जाहीर झाले. आमचा त्याला विरोध नाही. श्रमाची आम्हाला लाज नाही. पण एक प्रश्न विचारतो. जर्मनीला मनुष्यबळ हवे म्हणून सरकार एवढी धावपळ करते, तर ज्याने स्वतःच्या गुणवत्तेवर तिथल्या कारखान्याचे पत्र आणले आहे, त्याला अडीच लाखांसाठी वाऱ्यावर का सोडते? आमचे हात पाठवायचे आणि आमची डोकी इथेच ठेवायची, असा तर विचार नाही ना?

2015 साली महाराष्ट्र शासनाने लंडनमधले 10, किंग हेन्रीज रोडचे घर विकत घेतले. विद्यार्थी असताना बाबासाहेब तिथे राहिले होते. घर घेतले ते योग्यच केले, त्यासाठी समाजाने आग्रह धरला होता. पण बाबासाहेब त्या घरात कसे राहिले, हेही लक्षात घ्या. सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकीतून पै पै शिल्लक टाकली होती. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. तेव्हा कुठे 1920 साली बाबासाहेब पुन्हा लंडनला जाऊ शकले. 1921 साली त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले आणि त्यासाठी तिथल्या सरकारला जर्मन भाषेत अर्ज लिहिला. जगाच्या पाठीवरचा एवढा बुद्धिमान विद्यार्थी, पण त्यालाही शिल्लक, मदत आणि उसनवारी लागली. बुद्धी बाबासाहेबांची होती. पण बोटीचे तिकीट बुद्धीवर मिळत नव्हते. मग आमच्या आजच्या पोरांनी एकट्याने सगळे उभे करावे, ही अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करतो?

म्हणून आमच्या सरकारकडे दोन मागण्या आहेत आणि समाजाकडे तीन.

सरकारकडे पहिली मागणी अशी. समाजकल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, बार्टीही पुण्यात आहे. या दोन्ही संस्थांनी मिळून परदेशी इंटर्नशिपसाठी अल्पमुदतीची योजना सुरू करावी. पूर्ण खर्च नको, फक्त विद्यावेतन आणि परवान्यासाठी लागणारी रक्कम यांतला फरक बिनव्याजी द्यावा आणि तो अर्जाच्या तारखेआधी द्यावा. नोकरी लागल्यावर पोरगा हप्त्याने फेडेल. पंचवीस लाखांत वर्षाला दहा मुले जातील. सरकारच्या तिजोरीला ही रक्कम काय जड आहे? दुसरी मागणी कॉलेजच्या पत्राची. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरावीक मुदतीत दाखला देण्याचे बंधन त्यात घालता येते. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांकडून विद्यार्थ्याला असे पत्र सात दिवसांत मिळण्याची तरतूद करा. एकोणीस दिवसांत एका पोराचे भवितव्य बुडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता समाजाकडे वळतो. इथे थोडे कडू बोलावे लागेल. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या एकेका मंडळाचा एका रात्रीचा डीजेचा आणि रोषणाईचा खर्च किती, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांनीच छातीवर हात ठेवून सांगावे. जयंती धूमधडाक्यात झालीच पाहिजे, तो आमच्या अस्मितेचा दिवस आहे. पण पुण्यातल्या शंभर मंडळांनी त्या खर्चातून प्रत्येकी दहा हजार बाजूला काढले तर दहा लाखांचा फिरता निधी उभा राहतो. त्यातून चार मुले जातात, परत येतात, पैसे फेडतात आणि पुढची चार जातात. आमच्या त्या पोराला फक्त हेच हवे होते. दान नको होते.

दुसरे आवाहन परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या बांधवांना आहे. बंद खात्याला जर्मनीच्या कायद्यात एक पर्याय आहे. तिथे कायदेशीरपणे राहणाऱ्या आणि पुरेसे उत्पन्न असणाऱ्या माणसाने तिथल्या कार्यालयात जाऊन रीतसर हमीपत्र लिहून दिले की या विद्यार्थ्याच्या खर्चाची जबाबदारी माझी, तर बहुतेक वेळा खात्यात पैसे भरून ठेवावे लागत नाहीत. ही हमी साधी नाही. सरकारचा खर्च झाला तर तो पाच वर्षांपर्यंत हमी देणाऱ्याकडून वसूल होऊ शकतो. म्हणून डोळे झाकून सही करा, असे आम्ही म्हणणार नाही. पोराची माहिती घ्या, त्याच्याशी बोला, विहाराच्या कार्यकर्त्यांना विचारा, आणि खात्री पटली की सही करा. दरवर्षी परदेशात जयंती साजरी केल्याचे फोटो आमच्याकडे येतात. आम्ही ते आनंदाने पाहतो. आता त्या फोटोंच्या जोडीला एखादे हमीपत्रही येऊ द्या. नवल भथेना आमच्या जातीचे नव्हते, धर्माचे नव्हते. तुम्ही तर आमच्या घरातले आहात.

तिसरे काम विहारांचे. रविवारी वंदना झाल्यावर एक तास कागदपत्रांसाठी ठेवा. व्हिसा मिळवून देतो म्हणणारा एजंट नको, नीट अर्ज भरायला शिकवणारा कार्यकर्ता हवा. पहिल्या वर्षाला असतानाच पोरांचे पासपोर्ट काढून घ्या. इंटर्नशिपचे पत्र आल्यावर पोलीस तपासणीची वाट पाहण्याची पाळी येऊ नये. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवरचे नाव एकच आहे का, बापाच्या आणि आईच्या नावाचे स्पेलिंग जुळते का, हे आजच तपासा. आमच्या कित्येक घरांत शाळेच्या मास्तराने एक आडनाव लिहिले, रेशनकार्डावर दुसरे चढले आणि धर्मांतरानंतर आजोबांनी तिसरे लावले. ते दुरुस्त करायला राजपत्रात नाव छापून घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो. आणि जे परवाना काढून जाऊन आले, त्यांनी वर्षातून दोन रविवार तरी या कामाला द्यावेत. शिडी चढून गेल्यावर ती वर ओढून घेणारे आमच्यात कमी नाहीत, हे सांगताना आम्हाला वेदना होतात.

लक्ष्मीनगरातला तो पोरगा खचलेला नाही. त्याने पुन्हा अर्ज पाठवायला सुरुवात केली आहे. परवा विहाराच्या पायरीवर बसून तो दोन धाकट्या पोरांना पासपोर्टचा अर्ज समजावून सांगत होता. आईने मोडलेल्या डोरल्याचे पैसे पोस्टात तसेच ठेवले आहेत. त्याचे पत्र पुन्हा येईल, याची आम्हाला खात्री आहे. प्रश्न एवढाच आहे की ते येईल तेव्हा आम्ही तयार असू का?

1917 साली बडोद्यात एका रात्रीच्या निवाऱ्यासाठी बाबासाहेबांना कोणी जामीन मिळाला नाही. 2025 साली येरवड्याच्या पोराला सहा महिन्यांच्या परवान्यासाठी मिळाला नाही. तेव्हा आम्ही विखुरलेले होतो, गरीब होतो, निरक्षर होतो. आज आमच्यात अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, उद्योजक आहेत. आता तरी आमच्या पोराला जामीन बाहेर शोधायला लागू नये. त्याची ऐपत म्हणजे त्याच्या बापाचे खाते नव्हे, त्याचा समाज आहे, हे आम्ही दाखवून दिले पाहिजे.

जयभीम!